आक्काच्या गाडीतले मागचे स्पीकर

आक्का गेल्याचा फोन सकाळी अकराला आला आणि दुपारी मी सांगलीहून दवाखान्यात पोचायच्या आधीच दुसरी बातमी तिथं पोचली होती. दारात उभा असलेला एक नातेवाईक माझा हात धरून म्हणाला, "गाडीत गाणी लय मोठ्यानं लावली व्हती म्हनं. हॉर्न ऐकूच आला न्हाई." मी हात झटकला. उलट्या दिशेनं महामार्गावर घुसलेला टेम्पो, त्यानं चिरडलेली माझी सख्खी बहीण... आणि चूक तिच्या गाण्यांची!

दीड महिना झाला. माझा संताप कमी झालेला नाही.

आक्का वडूजची. पस्तीस वर्षं लष्करी रुग्णालयांत परिचारिका होती, मेजर म्हणून निवृत्त झाली आणि साताऱ्यात राहिली. घरात सोफा घ्यायच्या आधी तिनं एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. मागची सीट नावालाच, तिच्यावर पोतं ठेवावं एवढी. "या वयात बाईमाणसाला ही गाडी?" असं तिला कितीजणांनी विचारलं असेल! ती म्हणायची, "तरुण व्हते तवा पैसं नव्हतं. आता कवा घिऊ, मेल्यावर?" शिरवळच्या कारखान्यांतल्या बायकांची रक्तदाब-साखर तपासायला ती दर पंधरवड्याला याच गाडीनं फुकट जायची. त्या दिवशीही तिकडंच निघाली होती.

मागचे स्पीकर बदलायला ती गेल्या वर्षी सांगलीला आली. जुन्या स्पीकरचा कागदी पडदा फाटला होता, कडेचा फोम बोटानं चुरा होत होता. पुढच्या दोघांवरच भिस्त, त्यामुळं इंजिनाच्या गुरगुरण्यात आवाज वाढवावा लागायचा आणि तेच तिला नको होतं. दुकानातला माणूस सगळं माझ्याकडं बघून बोलला. आक्कानं काही विचारलं की उत्तर मला. शेवटी डॅशबोर्डवरचा बाबासाहेबांचा फोटो बघून हसत म्हणाला, "डीजेवानी दणका पायजे आसंल न्हवं?" आक्कानं गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतली. "चल, अन्या. माझ्या गाडीला ह्याचा हात लागायचा न्हाई."

मग आम्हीच बसवले, माझ्या अंगणात. मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात जन्म घालवलेला. सीट काढली, बाजूची पॅनेलं उचकटली. नव्या स्पीकरचं चुंबक जाड, आतल्या पत्र्याला टेकायचं. म्हणून प्लायवुडच्या दोन कड्या कापून स्पीकर तेवढा पुढं घेतला. आक्का स्क्रू तोंडात धरून त्या फटीत घुसली होती, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी! सगळं जोडून कॅसेट लावली, तर तिनं मान हलवली. "न्हाई रं. दोघं भांडल्यावानी वाजत्यात." मी म्हणालो, तुझे कान गेले. मग बघितलं, तर एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा मीच उलट्या जोडल्या होत्या. त्या सरळ केल्या आणि मागून आमचे दादा गायला लागले.

दादा म्हणजे वडील. गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचे. त्यांच्या आवाजाची एवढी एकच कॅसेट उरलेली, तिच्यासाठी आक्कानं तो जुना टेप बदलला नव्हता. आवाज अगदी बारीक ठेवून ती म्हणाली, "दादा असंच म्हनायचं की. मागं सायकलवर बसवून, हळू..." समोर बघत होती. मी पाना पुसत बसलो.

पोलीस ठाण्यात पंचनाम्यात तेच, मोठ्यानं लावलेल्या गाण्यांचं वाक्य दिसलं, टेम्पोमालकाच्या सांगण्यावरून लिहिलेलं. मी आक्काची पर्स हवालदारांच्या टेबलावर उघडली. रुमालात गुंडाळलेली, डबीत बंद कॅसेट.

"गाणी लावली होती ना? मग ही इथं कशी?"

"आवं, रेडिओ आसंल."

"रेडिओ बंद पडून चार वर्षं झाली. या, दाखवतो."

"गुरुजी, आता बाई तर गेल्या. कशाला..."

"म्हणूनच!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांवर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी मी घरची बॅटरी घेऊन गेलो. ठाण्याच्या आवारात ठेवलेल्या गाडीचं तोंड चेपलं होतं, मागचा भाग धड होता. टेपला तारा जोडल्या. रेडिओची खरखरसुद्धा आली नाही. हवालदारांना मी मागच्या सीटवर बसायला लावलं. गुडघे हनुवटीला टेकवून बसले बिचारे. मग कॅसेट घातली. आवाजाचं बटण आक्कानं ठेवलं होतं तिथंच होतं. मी त्याला हात लावला नाही.

दादा गायला लागले. आवारात कुणीतरी मोटारसायकल सुरू केली. हवालदार पुढं वाकले, कान स्पीकरकडं नेला.

"काय म्हनत्यात, नीट ऐकू येईना. जरा वाढवा की."

"न्हाई," मी म्हणालो. "एवढ्यावरच ऐका."

गाणं संपेपर्यंत ते तसेच वाकून बसले. मग खाली उतरले, टोपी हातात घेतली आणि माझा जबाब लिहून घ्यायला आतून कागद मागवला.