बिननांगरटीचा गहू

कार्तिकातल्या एका मंगळवारी दाजी गेले. भात घरात आलं होतं, गहू पेरायचा होता.

गहू पेरायला वर्षात एकच दिवस बरोबर असतो आणि तो जगात फक्त आपल्यालाच ओळखता येतो, अशी श्रद्धा बाळगणारा दाजींसारखा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मुरगूडजवळच्या एका गावात त्यांचं तीस गुंठ्यांचं भाताचं रान. भातामागून त्यात गहू व्हायचा, तो घरच्या खाण्यापुरता. पण दिवाळी सरली की दाजी असे काळजीत पडत, जणू साऱ्या जिल्ह्याच्या चपात्या त्यांच्या एकट्यावर सोपवल्या आहेत.

पूर्वी असं नव्हतं. भात कापलं की रान नांगरायचं, ढेकळं फोडायची, यात दिवस जायचे आणि पेरणीची वेळ आपोआप ठरायची. काही वर्षांपूर्वी दाजी गडहिंग्लजला शेतकऱ्यांच्या कसल्याशा मेळाव्याला गेले आणि नांगरट कायमची सोडून परत आले. भाताच्या धसकटांतच ट्रॅक्टरमागच्या यंत्रानं चीर पाडायची आणि तिच्यात बी-खत सोडायचं, झाली पेरणी. गावानं थट्टा केली. "दाजी, नांगर इकला काय?" "हाय की गोठ्यात. म्हातारा झालाय, पेन्शनीत काढलाय त्येला." कष्ट वाचले, पण दाजींची झोप गेली. नांगर होता तोवर निवड नव्हती. आता भात कापल्यापासूनचा कुठलाही दिवस पेरणीचा होऊ शकत होता. रान फार ओलं असेल तर चीर मिटत नाही, बी उघडं राहून कुजतं. फार वाळलं तर यंत्र वरवर ओरखडे काढत जातं. या दोहोंमधला जो वापसा, तो मोजके दिवस टिकतो, आणि त्याच दिवसांत थंडीही पडायला हवी. हे सगळं एकत्र जुळेपर्यंत दाजींचं जेवणात लक्ष नसे.

त्या दिवसांत त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रुमालात बांधलेला मातीचा गोळा असायचा. रोज सकाळी रानातून नवा आणायचा आणि दिसेल त्याच्या हातात देऊन छातीच्या उंचीवरून खाली सोडायला लावायचा. फुटला तर वापसा, चपटा बसला तर थांबायचं. शहरात, राजारामपुरीतल्या एका कार्यालयात माझ्या पुतणीचं लग्न होतं. आहेराच्या रांगेत दाजींना राहवलं नाही आणि नव्याकोऱ्या फरशीवर थप्प असा आवाज झाला. नवरदेवाचे मामा दचकून म्हणाले, "काय पडलं हो?" दाजी खाली वाकून गोळ्याकडे बघत म्हणाले, "काय न्हाय पावणं, माझं रान पडलं. अजून आठ दिस लागत्यात."

थंडीसाठी त्यांचा भरवसा खोबरेल तेलावर. गावात नदीकाठी तेल कधीही थिजतं, ते काही खरं नव्हे. राजारामपुरीत, माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये थिजलं म्हणजे थंडी खरी, असं त्यांचं मत. त्यामुळे नोव्हेंबर लागला की रोज सकाळी साडेसहाला मला फोन. "पावणं, बाटली बघा." एका वर्षी मी वाचत बसलो होतो. उठायचा कंटाळा आला आणि मी म्हणालो, "थिजलंय." मग दाजी म्हणाले, "वाचत बसलायसा न्हवं?"

"हो."

"मग उठा आन् बघा."

उठून पाहिलं. तेल पाण्यासारखं होतं. त्यानंतर मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नाही. फोन वाजायच्या आधीच बाटली जवळ घेऊन बसू लागलो.

यंत्रवाल्याला ते दरवर्षी तीनदा तरी बोलवायचे, चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. "दाजी, लेकीचं स्थळ बघताना तरी एवढं बघितलं हुतं काय?" तो वैतागून म्हणायचा. "स्थळाला ओल लागत न्हाय रं," दाजी म्हणायचे. वाटेवरच्या माणसाला, एसटीच्या कंडक्टरला, मला, सगळ्यांना ते विचारत. आक्काला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

गुरुवारी रक्षाविसर्जन झालं. रक्षा नदीत न सोडता ज्याच्या त्याच्या रानात द्यायची, असं त्या गावानं ठरवलं आहे. नुकताच अवकाळी पाऊस होऊन गेला होता, रान मऊ होतं. आम्ही पन्नास-साठ माणसं बांधावरून एकामागे एक रानाच्या मधोमध गेलो आणि त्याच वाटेनं परत आलो.

परतल्यावर यंत्रवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आज बोलू नये, पण रविवारपातुर यंत्र गावात हाय. मग पंधरा दिस दुसरीकडं." दाजींच्या चुलत्यांनी ते ऐकलं. "घरात सुतक हाय. तेराव्यापातुर पेरणीचं नाव काढायचं न्हाय." आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला विचारलं, "तू एवढं वाचलायस. तेरा दिस रान थांबतंय काय रं?" थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. दाजींनी त्या मेळाव्यातून आणलेली सगळी पत्रकं मी वाचली होती. पण चुलत्यांसमोर मी "बघू" एवढंच म्हणालो.

शुक्रवारी सकाळी आक्का एकटीच रानात जाऊन आली. मुठीत माती होती. चुलत्यांना म्हणाली, "रविवारी पेरायचं."

"तुला गं काय कळतंय त्यातलं?"

"एवढी वर्सं त्यांच्या खिशातली माती मीच धुतो की. पाण्यात कशी सुटती ते बघून मला त्यांच्या आधी कळायचं."

चुलते उठून गेले. मी विचारलं, "मग दाजींना कधी सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कुणी?" मग मुठीतली माती अंगणात टाकत म्हणाली, "आन् त्यास्नी तरी दुसरा नाद काय हुता."

रविवारी पेरणी झाली. चुलते आले नाहीत. यंत्रवाल्यानं चहा घेतला नाही. आक्का बांधावर उभी होती आणि मी तिच्याशेजारी, पायातल्या चपला हातात घेऊन. पंधरवड्यानं धसकटांमधून गव्हाच्या हिरव्या ओळी वर आल्या. दाजींनी धरला असता तोच दिवस आक्कानं धरला होता, असं यंत्रवाला सगळीकडे सांगत फिरला. पण आम्ही माणसं ज्या वाटेनं गेलो-आलो, तिथली माती तुडवून दगडासारखी झाली होती. यंत्राला चीर पाडता आली नाही, बी वरच राहिलं आणि ते पाखरांनी वेचलं. नांगरट असती तर आमची पावलं एका दिवसात मोडून गेली असती.

गहू आता ओंबीवर आला आहे. बांधापासून रानाच्या मध्यापर्यंत हातभर रुंदीचा एक पट्टा उगवलेला नाही. आक्का पाणी पाजायला त्यावरूनच जाते.