काळी स्क्रीन

नारायण पेठेतले आमचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले गृहस्थ नमस्कार वगैरे करत नाहीत. "काय बिघडवलंत?" एवढंच विचारतात.

परवा दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे धावले. मी बनवलेला गेम खेळत, तो समजावून सांगत रेकॉर्डिंग करायचं आणि ते पाचच्या आत हिंजवडीच्या एका कंपनीला पाठवायचं होतं. नोकरी त्यावरच ठरणार होती. पण रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येत होता आणि स्क्रीन मात्र काळी!

"अहो, काय रेकॉर्ड करायचं ते निवडलंच नाहीत तुम्ही. सॉफ्टवेअर बिचारं अंधार टिपतंय." त्यांनी दोन सेटिंग्ज बदलली. दहा सेकंदांच्या चाचणीत गेम स्वच्छ दिसला. मी निघायला उठले.

"घरी पोचेपर्यंत पाच वाजतील. इथेच करा."

आवाज नको म्हणून त्यांनी पंखा बंद केला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. मी घामाघूम होऊन खेळत, बोलत होते. काचेच्या दारातून दिसत होतं, ओठांवर बोट ठेवून ते एकेका गिऱ्हाइकाला परत पाठवत होते.

पाचाला दहा कमी असताना व्हिडिओ गेला. मी दार उघडलं. "पाठवला," म्हणत मी डोळे पुसले.

"मग हसा की आता. का त्याचंही सेटिंग करून देऊ?"