पापणीतली गाठ आणि पटाची झेंडी

आमच्या गावच्या शंकरपटात बैलजोड्या सुटल्या की शेवटच्या रेषेवर झेंडी घेऊन मी उभा राहायचो. कोणती जोडी शिंगाएवढी पुढे आली ते मी सांगायचो, अन् माझ्या शब्दापुढे कोणी बोलत नव्हतं. शाळा दुसरीतच सुटली, पण नजर पक्की होती.

दसऱ्याच्या सुमारास उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत गाठ आली. तुरीच्या दाण्याएवढी, दुखत नव्हती. रांजणवाडी समजून बायकोनं लवंग उगाळून लावली. आमच्याकडे सगळे तेच करतात. डोळा लाल झाला, गाठ हलली नाही. उलट वाढली, डोळ्यावर दाबू लागली अन् धूसर दिसायला लागलं.

पटाच्या बैठकीत पुतण्या चारचौघांत म्हणाला, "काका, तुमाले दिसून नाही राह्यलं. औंदा झेंडी मी धरतो."

"तुले बैलाचं तोंड कोणतं अन् शेपूट कोणतं, हे तरी समजते का?"

लोक हसले. झेंडी मात्र त्याच्याच हातात गेली.

दुसऱ्याच दिवशी मी बालाघाटला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. तिनं पापणी उलटून पाहिली. "बाबा, रांजणवाडी दुखते, पिकते. ही तशी नाही. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचं तोंड बंद झालंय. लवंग बंद करा. गरम पाण्यात फडकं पिळून शेका अन् हलक्या बोटानं चोळा."

सकाळ-संध्याकाळ शेकलं. गाठ मऊ झाली, गेली नाही. मग बाईनं सुई देऊन पापणी बधिर केली, आतून चीर देऊन गाठ खरवडून काढली. माझं वय पाहून तुकडा तपासायलाही पाठवला. गाठ साधीच निघाली.

पटाच्या आधी मी पंचांना सांगितलं, "डोळा साफ झाला."

"हौ बाबा, चांगलं झालं. पण पोराले कबूल केलं ना आता. तुमी मंडपात खुर्चीवर बसा."

माझी खुर्ची रेषेच्या अगदी समोर होती. शेवटच्या फेरीत दोन जोड्या सोबतच आल्या. डावी शिंगाएवढी पुढे होती, मी स्वच्छ पाहिलं. पुतण्यानं झेंडी उजवीकडे दाखवली.

डाव्या जोडीचा मालक धावत माझ्याकडे आला. "काका, तुमी सांगा. तुमचं सगळे ऐकतात."

पुतण्या माझ्याकडेच पाहत होता. पंचही.

"मले काहून विचारता?" मी म्हणालो. "मले दिसत नाही ना."