धरणाचे हँडल आणि टरबुजाची वाडी

तो गुन्हा स्टेशन डायरीत अवघ्या चार ओळींचा आहे. माझ्या स्मरणातून मात्र त्याचा एक शब्दही गळालेला नाही. त्या वेळी मी अकोला जिल्ह्यातील एका ठाण्यात बीट जमादार होतो. माझे शिक्षण बारावीपूर्वीच थांबले होते, तथापि माझ्या पंचनाम्याच्या भाषेला वरिष्ठही हात लावत नसत, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

आमच्या हद्दीतील धरणाचे पाणी उन्हाळ्यात नदीपात्रातून सोडले जाई आणि खालच्या बंधाऱ्यावरून शहराच्या नळांना मिळे. एके सकाळी धरणाचा चौकीदार घामाघूम होऊन ठाण्यात आला. पाणी सोडण्याचा हुकूम हातात, आणि दार उचलण्याचे लोखंडी हँडल चोरीस गेलेले! बंधाऱ्यात शहरापुरते जेमतेम चार-पाच दिवसांचे पाणी शिल्लक होते.

"दुसरं हँडल नाही का?" मी विचारले.

"हे दुसरंच व्हतं, सायेब."

फिर्याद नोंदवून मी भंगाराची सर्व दुकाने तपासली. निष्पन्न काहीच झाले नाही. अखेर बसस्टँडवरील रसवंतीवाल्याने खबर दिली, "जमादार, लोखंड इकाले कोनी आलंच नाई. पानी सुटलं तं कोनाचं वाहून जाते, ते पाहा ना."

वाहून जाणार होत्या त्या नदीच्या कोरड्या रेतीतील टरबुजांच्या वाड्या. मी पात्रात उतरलो. पहिली वाडी एका वृद्ध माळीणबाईंची होती. तेथे बाभळीची सावली असल्याने तपासाचे ठाणे मी तेथेच मांडले आणि टोपी शेजारच्या बुजगावण्याच्या हाताला अडकवली.

"मावशी, हँडल कोणी नेलं?"

"मले काय मालूम? मी का धरन चालोतो?"

"खोटं बोलाल तर ठाण्यात यावं लागेल."

"येतो ना. मंग तुमी बसा इथं डुकरं हाकलत."

एवढे बोलून त्यांनी एक टरबूज फोडून माझ्यापुढे ठेवले. आत पांढरेच होते. "पाहा. आठ दिवस लागतीन लाल व्हाले. आता पानी आलं तं वर्साची मेहनत गेली."

तीन दिवस मी वाडीवाल्यांचे जबाब घेतले. दरवेळी टोपी त्याच हाताला. तिसऱ्या दुपारी वावटळ उठली. इतर वाड्यांतील बुजगावणी हात हलवत नाचू लागली. आमचे मात्र परेडला उभे राहावे तसे सावधान! मी बाही वर केली. आत हँडल होते.

"मावशी, हे काय?"

"तुमीच तीन दिवस त्याच्यावर टोपी टांगून रायले. मी काय सांगू?"

दोन पंच बोलावून मी पंचनामा सुरू केला. शेजारचे वाडीवाले हसू दाबत उभे होते. बाई मात्र नदीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दार थोडंसंच उचला, पानी पल्याडच्या धारेनं जाते. रेतीवर चढत नाई. शयराले बी भेटते."

"मग हे चौकीदाराला आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं ना! तो म्हने, साहेबाले अर्ज द्या. आता अर्ज कोन लिवते? हँडल उचलाले लिवावं लागत नाई."

माझी लेखणी थांबली. पंचनाम्याच्या उरलेल्या कागदावर मी बाईंच्या वतीने अर्ज लिहिला, अंगठा घेतला आणि मुद्देमालासोबत स्वतः धरणाच्या साहेबांकडे नेला. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. दार थोडेच उचलले गेले. पाणी पलीकडच्या काठाने गेले, वाड्या कोरड्या राहिल्या. शहराच्या नळांना बारीक धार आली, पण आली.

गुन्हा मी उघडकीस आणला, परंतु त्यात माझे कसब फारसे नव्हते. बाईंनी मला पहिल्याच दिवशी टरबूज फोडून दाखवले होते. मी ते खाल्ले आणि हँडल कुठे आहे तेवढेच विचारत राहिलो.

आता मी स्वेच्छानिवृत्त असून तहसीलसमोर टिनाच्या सावलीत अर्ज लिहून देतो. समोर माणूस बसला की नाव-गाव नंतर; आधी विचारतो, "आतापर्यंत कोनाकोनाले सांगून पाह्यलं?" उत्तर बहुधा लांब असते. ते संपेपर्यंत मी पेनाचे टोपण काढत नाही.