गळ्याखाली बोटभर

१२ मे १९७१, सकाळी साडेसात. पुण्याच्या दुकानदाराने परत केलेली खोकी भोरच्या आमच्या लोणच्याच्या कारखान्यात उतरली. पेंढा तेलाने भिजला होता, लेबले सुटली होती. टेम्पोवाल्याने निरोप सांगितला : आज निघणारा माल असाच आला, तर यापुढे घेणार नाही. हा दुकानदार आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. त्याच्या भरवशावरच मालकांनी वेल्ह्याकडच्या बायकांना वर्षभराचे काम कबूल केले होते.

झाकणे दोनदा बदलून झाली होती. दोष झाकणांत नाही, हे माझे मत. बायका पहाटेच्या गारव्यात बरण्या भरत, त्याही घरच्या रीतीने काठोकाठ. दुपारी उन्हाने तेल फुगे. त्याला जागा नसे, ते झाकणातून वाट काढी. मी दोन बरण्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या : एक काठोकाठ, दुसरी गळ्याखाली बोटभर मोकळी, फोडींवर तेल मात्र पुरते. बाराच्या सुमारास पहिली पाझरली. दुसरी कोरडी राहिली.

भरणाऱ्या बायकांत वडील असलेल्या मावशींना हे पटले नाही.

“उनी बरनी कुनाच्या घरी धाडायची न्हाई, सायेब. रुखवतात मांडली तर व्याही म्हनंल, वाटंत वऱ्हाडानं चाखली!”

बायका हसल्या. मी हसलो नाही.

“आपला व्याही पुण्यात आहे, मावशी. त्याने रुखवत परत पाठवले आहे.”

“आन् गिऱ्हाईक म्हनलं, लोनचं कमी दिलं, तर?”

मी तराजू मागवला. बोटभर उणी बरणी, रिकाम्या बरणीचे वजन वजा करूनही, लेबलावरच्या वजनाला पुरी उतरली. मावशींनी काटा स्वतः पाहिला आणि पदर खोचला.

“व्हय, भरतंय. पन माप आमी आमच्या बोटानं धरू. तुमचं बोट लई जाड.”

पहाटे भरलेली प्रत्येक बरणी बायकांनी उघडली, बोटभर उणी केली, तोंड कोरडे पुसून पुन्हा बंद केली. भर उन्हात टेम्पो निघाला. मी मागे मालाबरोबर बसलो. कापूरहोळच्या फाट्यावर गाडी थांबवून तळाचे खोके उपसले. पेंढा कोरडा होता. वरच्या खोक्यांतलाही कोरडाच.

टेम्पोवाल्याने विचारले, “जाऊ द्यायची का गाडी?”

“जाऊ द्या.”

खोकी पुन्हा रचली, ताडपत्री ओढली आणि दोरीची गाठ आवळून मारली.