हसीनामावशीचा उद्धटपणा

एक्स-रेचे किरण अडवणारा शिशाचा नवा ॲप्रन अंगावर चढवला की त्याच्या रबरी वासानं मला हसीनामावशी आठवते. कोल्हापुरातल्या आमच्या अँजिओग्राफीच्या खोलीत तेव्हा ॲप्रन दोनच होते, एक डॉक्टरांना आणि एक मला, म्हणजे सिस्टरला. घाबरलेल्या पेशंटचा हात धरणारी आमची आया, हसीनामावशी, मात्र नुसत्या साडीवर उभी राहायची.

एके दिवशी ती दारातच थांबली. "मलाबी ॲप्रन द्या."

"दोन मिनिटांचं काम आहे मावशी, काही होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"काय होत न्हाय, तर तुमचा काढून द्या की मला!"

डॉक्टरांनी एक्स-रेच्या पेडलवरचा पाय मागे घेतला.

तेव्हा मला ती उद्धट वाटली. वाटणारच, माझ्या अंगावर ॲप्रन होता. आता मीही उद्धट झाले आहे. खोलीतल्या प्रत्येकाला ॲप्रन मिळाल्याशिवाय त्या पेडलवर कुणाला पाय ठेवू देत नाही.