पानाळी मिरची

शिरोड्याच्या बाजारात काही बायका हिरव्या मिरचीला ‘पानाळी मिरची’ म्हणतात. का, ते त्यांना सांगता यायचं नाही. तो शब्द आनंदीबाईचा. सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन इथं आली. सासूचं नाव हिरा, नवऱ्याचं सोमा. सुनेनं त्यांची नावं तोंडात आणायची नाहीत, आणि नावाशी जुळणारा दुसरा शब्दही नाही. म्हणजे हिरवा रंग गेला, सोमवार गेला. पण मिरची तर रोज लागते. तिनं पानावरून ‘पानाळो’ केला आणि शंकराच्या वाराला ‘शंकरवार’. शेजारी पाटी लावून मासे विकणाऱ्या बायका आधी फिदीफिदी हसल्या, मग त्याही तसंच म्हणू लागल्या.

नात नम्रता सावंतवाडीच्या कॉलेजात भाषाविज्ञान शिकते. तिनं एकदा समजावलं, की पान हा मूळ शब्द, त्याला दुधाळ म्हशीतला ‘आळ’ प्रत्यय लागला, म्हणून तो साधित शब्द. शंकरवार सामासिक. बंदी आली की माणसं असेच शब्द घडवतात. बांगडे साफ करता करता आनंदीबाई म्हणाली, “मी कसले घडवतंय गो? अडलंय म्हणान बोललंय.”

गेल्या महिन्यात ती भरली पाटी किनाऱ्यावर विसरून घरी आली. एकदाच झालं तसं. पण मुलगा, काशीराम, घाबरला. डॉक्टरनं बरं म्हटलं तरच बाजार, नाहीतर घरात बसायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. बावन्न वर्षं पाटी वाहिलेली बाई, घरात बसून करणार काय?

काशीराम आणि नम्रता तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर घाटावरची, नवीन आलेली. समोर छापील कागद. गावाचं नाव, मुलाचं नाव, शंभरातून सात वजा, सगळं झटपट झालं. बावन्न वर्षं सुटे पैसे मोजणारीला वजाबाकी कसली! मग डॉक्टरनं आज वार कोणता ते विचारलं.

“शंकरवार.”

रंगाचा कागद पुढे आला. “पानाळो.”

डॉक्टरचं पेन थांबलं. विसरण्याच्या दुखण्यात माणसं नसलेले शब्द बोलू लागतात, असं ती काशीरामला हळूच म्हणाली. नम्रतानं घाईघाईनं सगळं सांगितलं, मूळ शब्द, प्रत्यय, सासूचं नाव. डॉक्टरनं नीट ऐकून घेतलं. मग तर सोपंच आहे, आजींनी नेहमीचा शब्द एकदा म्हणावा, म्हणजे शंका उरणार नाही.

“म्हण गो आये,” काशीराम म्हणाला. “बाबा जावन आठ वर्षां झाली. आता कोण ऐकता?”

आनंदीबाईनं ओठ उघडले. जीभ टाळूला लागली ती तिथंच राहिली. कपाळावर घाम आला. पदरानं तो पुसून ती म्हणाली, “बाय, तुमीच वार सांगा. आजचो इलो की मी मान हलवतंय.”

डॉक्टरनं शनिवारपासून सुरुवात केली. शनिवार, रविवार, सोमवार. आनंदीबाईनं मान हलवली. रंगांचंही तसंच केलं. एकदाही चुकली नाही.

डॉक्टरनं खरं तेच लिहिलं: ‘शब्द ओळखतात, उच्चारता येत नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.’ काशीरामनं ते बाहेरच्या बाकावर दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. तोवर बाजार नको, म्हणाला. नम्रता वाटभर भांडली. त्याचं एकच उत्तर: डॉक्टरनं लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी पाटी माळ्यावर गेली होती. आनंदीबाई सवयीनं पहाटेच आंघोळ करून, केस विंचरून पडवीत बसली. रस्त्यानं बायका निघाल्या. शेजारची शेवंती डोक्यावरची पाटी सावरत कुंपणाच्या बेड्यापाशी थांबली. आत यायला तिला वेळ नव्हता; बाजारातून काही आणायचं का, ते तिनं तिथूनच विचारलं.

“येताना मिरच्यो हाडू काय गो? पानाळ्यो?”

“हाड,” आनंदीबाई म्हणाली.